युद्धकादंबरीतला नायक नेमका कधी शहाणा होतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही १९७१ च्या युद्धावर कादंबरी लिहिताय. नायक यशवंत हा तरुण अधिकारी. जम्मूकडच्या छांबच्या लढाईत पकडला जातो, पाकिस्तानातल्या छावणीत हाल काढतो आणि घरी परततो तेव्हा त्याला स्वतःची खरी ओळख पटलेली असते. ज्यांना हस्तलिखित वाचायला दिलंत त्यांनी शेवट खोटा वाटतो म्हणून सांगितलं. युद्धातल्या हालअपेष्टांतून माणसाला स्वतःचा शोध लागतो हे मोठ्या कादंबऱ्यांत पटतं, मग आपल्याच कादंबरीत का फसतं, हा पहिला प्रश्न. आणि ज्याने युद्ध पाहिलेलं नाही त्याने असलं काही लिहावं का, हा दुसरा.

मी बरीच वर्षं कादंबऱ्यांचं संपादन करतो. युद्धावरची हस्तलिखितं अधूनमधून येत असतात आणि त्यांत एक हिशेब हमखास सापडतो: नायकाने इतकं सोसलं, सबब त्याला इतकं कळलं. उपास धरला की पुण्य जमा, तसा. हा हिशेब वाचकाला पटत नाही, कारण त्याने आपल्या आजूबाजूला वेगळंच पाहिलेलं असतं. खूप सोसलेली माणसं पुष्कळदा नुसती थकलेली असतात, चिडचिडी झालेली असतात, नाहीतर त्या विषयावर गप्प असतात. सोसण्यातून आपोआप काही उगवत नाही. चांगल्या युद्धकादंबरीत हालअपेष्टांचं काम फार मर्यादित असतं. माणसाने स्वतःविषयी जे उत्तर आधीच तयार करून ठेवलेलं असतं, ते त्या काढून घेतात. पुढचं सगळं लेखकाला करावं लागतं, आणि त्यातला अवघड भाग म्हणजे नवं उत्तर नायकाला फुकटात ठेवून न घेऊ देणं.

तोलस्तोयच्या ‘युद्ध आणि शांती’मधला पिएर घ्या. ही कादंबरी १८६५ ते १८६९ या काळात छापून झाली, तिच्यातलं युद्ध नेपोलियनचं. या एका पात्रावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या यशवंतासारखाच तोही कैदी होतो आणि कैदेतच त्याला काहीतरी उमगतं.

कैदेत जाण्याआधीचा पिएर आठवा. अनौरस मुलगा, अचानक प्रचंड इस्टेटीचा धनी झालेला. स्वतःला शोधायला त्याने काय काय करून पाहिलं? फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघात शिरला. शेतमजूर कुळांचं भलं करायला निघाला आणि कारभाऱ्यांनी त्याला सरळ गुंडाळलं. मग बायबलातल्या ६६६ या आकड्याशी नेपोलियनचं नाव जुळतं का हे अक्षरांच्या बेरजा करून पाहिलं, आणि ते जुळल्यावर स्वतःचं नावही त्याच आकड्यात बसवण्याची खटपट केली. नाव बसेना, तेव्हा थोडी ओढाताण करून बसवलं! या बेरजेच्या जोरावर तो जळत्या मॉस्कोत नेपोलियनला मारायला म्हणून थांबतो. थोडक्यात, पिएरकडे ‘मी कोण’ या प्रश्नाची उत्तरं कमी नव्हती. जरा जास्तच होती.

नेपोलियनला मारणं राहतं बाजूला. तो आगीतून एक लहान मूल वाचवतो, एका आर्मेनियन बाईला लुटणाऱ्या फ्रेंच सैनिकाच्या अंगावर धावून जातो आणि आग लावणारा म्हणून पकडला जातो. नेपोलियनचा सेनापती मार्शल दावू त्याची चौकशी करतो. क्षणभर दोघांची नजरानजर होते. पिएर वाचतो तो बहुधा त्या नजरेमुळे, पण आपण वाचलोय हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला रांगेत उभं करतात. त्याच्या पुढच्या पाच जणांना त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या जातात, पाचवा कारखान्यातला अठरा वर्षांचा पोरगा. पिएर सहावा. त्याला परत नेऊन शेडमध्ये ढकलतात. तोलस्तोय सांगतो की तिथे पिएरच्या आतलं सगळं कोसळलं होतं: जगाच्या व्यवस्थेवरचा, माणसावरचा, स्वतःच्या आत्म्यावरचा विश्वास.

आणि मग काय येतं? बटाटा. अंधारात शेजारी बसलेल्या एका ठेंगण्या माणसाच्या घामाचा वास आधी येतो. तो पायांना गुंडाळलेली फडकी सोडत बसलेला असतो. प्लातोन कारातायेव, साधा शिपाई. तो भाजलेला बटाटा काढतो, तळहातावर ठेवून चाकूने दोन तुकडे करतो, चिंधीतलं मीठ भुरभुरवतो आणि पुढे करतो. इतकं चवदार आपण कधी खाल्लंच नाही असं पिएरला वाटतं. कारातायेव कुठलंही तत्त्वज्ञान मांडत नाही. म्हणी बोलतो, आणि आत्ता काय बोललास ते परत सांग म्हटलं तर त्याला सांगता येत नाही.

बहुतेक लेखक इथेच प्रकरण संपवतील. संताची भेट झाली, शिष्याला ज्ञान झालं. तोलस्तोय थांबत नाही. फ्रेंच सैन्य माघारी निघतं, कैद्यांना बरोबर हाकलत नेतं. मॉस्कोहून तीनशे तीस कैदी निघालेले, त्यांतले शंभरही उरत नाहीत. मागे पडेल त्याला गोळी. पिएरच्या पायांना फोड आलेले, खायला घोड्याचं मांस. या चालण्यात त्याला जे कळतं ते शरीरातून कळतं. पूर्वी नाचाचे घट्ट बूट चढवायचो तेव्हा जेवढं दुखायचं, तेवढंच आता सोललेल्या अनवाणी पायांनी चालताना दुखतंय. सोसण्याला हद्द असते आणि ती हद्द फार जवळ असते. तपासून घ्या, या वाक्यात ‘जीवन’ किंवा ‘सत्य’ असले शब्द नाहीत. पाय आहेत आणि बूट आहेत.

आणि याच चालीत कारातायेव आजारी पडतो. बर्चच्या झाडाला टेकून बसलेला असतो. पिएरकडे पाहतो. त्याला काहीतरी बोलायचंय हे उघड दिसतं. पिएर न पाहिल्यासारखं करतो आणि घाईने पुढे निघतो. मागून गोळीचा आवाज येतो. तो ऐकू येतो त्याच क्षणी पिएरला आठवतं की स्मोलेन्स्कपर्यंत अजून किती टप्पे राहिले हा हिशेब आपण अर्धवट सोडलाय. तो टप्पे मोजायला लागतो. कारातायेवचं कुत्रं मागे रडत राहतं.

माझ्या मते अख्ख्या कादंबरीतली सगळ्यात प्रामाणिक जागा ही. ज्याला ‘ज्ञान’ झालंय म्हणून आपण मान डोलावत होतो, तोच माणूस ज्याच्याकडून ते मिळालं त्याच्याकडे पाठ फिरवतो. तोलस्तोय त्याला दोषही देत नाही. जिवंत राहायचं तर मन कुठे वळवावं लागतं, एवढंच दाखवतो. तुमच्या हस्तलिखितात यशवंत छावणीत सगळ्यांना धीर देतो, आजाऱ्यांची सेवा करतो, एकदाही तोंड फिरवत नाही. म्हणून त्याला जे कळतं ते ऐकीव वाटतं.

कारातायेवबद्दल माझी एक तक्रारही आहे, ती इथेच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या रानातलं लाकूड तोडलं म्हणून फटके खाऊन सैन्यात धाडलेला हा कुणबी, उमरावाचं डोकं ठिकाणावर यावं एवढ्यासाठीच कादंबरीत येऊन मरतो की काय, असं वाटत राहतं. त्याला स्वतःला काय कळलं हे आपल्याला समजत नाही. या मुद्द्याकडे मी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’च्या निमित्ताने परत येईन.

आता पिएरचा शेवट. १८२० साल, नताशाशी लग्न झालंय, मुलं आहेत, पीटर्सबर्गमध्ये राजकीय मंडळ्यांत तो गुंतलाय. नताशा विचारते, कारातायेवला हे पटलं असतं का? पिएर विचार करतो आणि सांगतो की नाही, हे त्याला पटलं नसतं. आपला संसार मात्र त्याला आवडला असता. म्हणजे कैदेत कळलेलं आता त्याच्या वागण्यावर हुकूम चालवत नाही. ते उरलंय, पण जो गेला त्याच्या मताचा अंदाज म्हणून उरलंय. हजारावर पानांच्या कादंबरीने नायकाला एवढंच हाती ठेवू दिलं. तुम्ही यशवंताला शेवटच्या प्रकरणात जे देताय ते याच्या दसपट आहे.

तुमचं ते शेवटचं प्रकरण मुद्दाम पुन्हा वाचलं. गावात सत्कार होतो आणि यशवंत माइक घेऊन कैदेत काय शिकलो ते सांगतो. भाषण चांगलं लिहिलंय, पण कादंबरी तिथेच कोसळते. तोलस्तोयच्याच कादंबरीतला निकोलाय रोस्तोव हा यावरचा उतारा आहे. १८०५ च्या एका लढाईत त्याचा घोडा मरतो, फ्रेंच सैनिक धावत येताना दिसतात आणि या पोराच्या मनात येतं, हे मला मारायला येतायत? मला, ज्याच्यावर सगळे इतकी माया करतात त्याला? तो पिस्तूल झाडायचं सोडून ते फेकून मारतो आणि पळत सुटतो. पुढे मित्रांत बसून ही हकिगत सांगायची वेळ येते. खरं तेच सांगायचं असं ठरवून तो सुरुवात करतो, आणि नकळत घोडदळाच्या जोरदार हल्ल्याची गोष्ट सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्यांना तेच हवं असतं, आणि खरं सांगायला फार ताकद लागते. युद्धातून परतलेला माणूस चारचौघांत बोलायला लागला की खोटं आपसूक घुसतं, हे ज्याला माहीत आहे तो लेखक नायकाचं आत्मज्ञान सत्काराच्या भाषणात कधीच टाकणार नाही. टाकलंच तर वाचकाला भाषण आणि घडलेलं यांतली फट दिसेल अशी तजवीज करेल. तो पर्याय तुमच्यापुढे अजून खुला आहे, आणि मला तो मोहात पाडतो.

याच निकोलायला १८१२ मध्ये पुन्हा एकदा काहीतरी कळता कळता राहतं. तो एका फ्रेंच अधिकाऱ्यावर तलवार उगारतो, आणि त्या माणसाच्या हनुवटीवर खळी असते. गोरा, निळ्या डोळ्यांचा, घरातल्यासारखा चेहरा. निकोलायला शौर्यपदक मिळतं. कित्येक दिवस ती खळी त्याला छळते, मी यात शौर्य काय केलं, त्याचा काय दोष होता, असं वाटत राहतं, आणि उत्तर सापडायच्या आत बढती मिळते, काम वाढतं, विषय मागे पडतो. न पोचलेलं कळणं. सगळ्या पात्रांना पोचवायलाच हवं असा नियम नाही, उलट अशी दोनचार अर्धवट राहिलेली माणसं आजूबाजूला असली की ज्याला कळतं त्याचं कळणं खरं वाटतं.

जर्मन लेखक रेमार्कची पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीवरची कादंबरी (१९२९) याहून कठोर. पाउल बॉयमर तोफेच्या खड्ड्यात लपलेला असताना एक फ्रेंच सैनिक वर येऊन पडतो. पाउल त्याला भोसकतो, आणि मग तासन्‌तास त्याच्या मरणाशेजारी बसून राहावं लागतं. मेल्यावर त्याचं पाकीट उघडतो. जेरार दुवाल, छापखान्यात काम करणारा, बायको आणि लहान मुलीचे फोटो. पाउल मेलेल्या माणसाला वचनं देतो, तुझ्या घरच्यांना लिहीन, तुझं आयुष्य मी जगेन, मीही छापखान्यात काम करीन. युद्धविरोधी साहित्यात हे पान फार गाजलं. पण त्यापुढचं पान लोक विसरतात. पाउल आपल्या लोकांत परततो, सोबत्यांना सांगतो. ते त्याला नेम धरून माणसं टिपणारा एक सैनिक दाखवतात, तो आपल्या नेमांची मोजदाद करत असतो. आणि पाउल म्हणतो की खड्ड्यात आपण काहीतरीच बरळत होतो. शेवटी युद्ध म्हणजे युद्ध.

रेमार्कने इथे पाउलला कमी लेखलेलं नाही. खड्ड्यात त्याला कळलं ते खरंच होतं. ते टिकलं नाही, कारण ते टिकवून ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला बंदूक उचलता आली नसती. वाचकाच्या हातात मात्र ते राहतं. युद्धकादंबरीत आत्मज्ञान पुष्कळदा असं पात्राच्या हातून निसटून वाचकाकडे येतं, आणि ते तसं आलं तर लेखकाने पात्राला परत ते उचलायला लावू नये.

इथवर सगळं हालअपेष्टांबद्दल झालं. सोव्हिएत लेखक वासिली ग्रॉसमनने नेमका उलटा प्रश्न विचारला: माणसाची परीक्षा हालांत जास्त होते की हाल संपल्यावर? त्याची स्तालिनग्राडवरची मोठी कादंबरी ‘जीवन आणि नियती’. लिहून झाल्यावर १९६१ मध्ये केजीबीने हस्तलिखित जप्त केलं. परदेशात ती १९८० मध्ये आणि रशियात १९८८ मध्ये छापली गेली, तोवर ग्रॉसमन जाऊन बराच काळ लोटला होता. तिच्यातला शास्त्रज्ञ श्त्रूम आपण ज्यू आहोत याचा फारसा विचार न करता वाढलेला. नाझींनी ज्यूंच्या वस्तीत कोंडलेल्या आईचं शेवटचं पत्र येतं आणि मग तो विचार त्याचा पिच्छा सोडत नाही. (ग्रॉसमनची आई बेर्दिचेवमध्ये १९४१ मध्ये अशीच मारली गेली.) पुढे संस्थेत त्याच्यावर राजकीय चिखलफेक होते, मित्र तोंड चुकवू लागतात, सभेत येऊन चूक कबूल कर म्हणून दडपण येतं. आणि हा तसा भित्रा, चिडका, स्वतःत रमलेला माणूस सभेला जात नाही. आपल्यात एवढं धैर्य आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं. सामान्य कादंबरी इथे संपते.

ग्रॉसमन आणखी पुढे जातो. स्तालिनचा फोन येतो, कामाची चौकशी करतो आणि एका रात्रीत सगळं पालटतं. गाडी, मान, हसतमुख सहकारी. मग एक दिवस एक पत्र पुढे केलं जातं: निरपराध डॉक्टरांवरच्या खोट्या आरोपाला दुजोरा देणारं. आपुलकीने, चहाच्या वातावरणात, सही मागितली जाते. आणि श्त्रूम सही करतो. जो धाकाला बधला नाही तो मायेला बधला. स्वतःची खरी ओळख त्याला त्या सहीत होते. १९५३ मध्ये ग्रॉसमननेही अशाच एका पत्रावर सही केली होती. त्याने हे प्रकरण कुठून लिहिलं हे निराळं सांगायला नको.

तुमच्या कादंबरीला याचा थेट उपयोग आहे. १९७१ चं युद्ध ३ ते १६ डिसेंबर, जेमतेम दोन आठवड्यांचं. पश्चिमेच्या आघाडीवर पकडले गेलेले आपले कैदी मात्र जवळपास वर्षभराने, १९७२ च्या अखेरीस परतले. तुमची अर्धी पानं छांबच्या लढाईला गेली आहेत आणि वर्षभराच्या कैदेला तीन प्रकरणं. परतल्यानंतरच्या आयुष्याला तर तो सत्कारच काय तो. प्रमाण उलटं करून पाहा. लढाईत माणसाला विचार करायला सवड नसते. कैदेत सवडीशिवाय काही नसतं, आणि घरी आल्यावर कसोटी सुरू होते. आपल्याकडे हे फार जुन्या काळापासून माहीत आहे, बरं का. महाभारतात युद्धाचं वर्णन कितीही भरघोस असलं तरी अठरा पर्वांतलं सगळ्यात लांब पर्व शांतिपर्व आहे. राज्य मिळालंय आणि युधिष्ठिराला ते नकोय, इथून ते सुरू होतं. भीष्म शरपंजरी पडून बोलत राहतात आणि एवढं ऐकूनही युधिष्ठिराचं मन निवत नाही.

आता बेडेकर. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. मराठीत दुसऱ्या महायुद्धाची सावली इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्या कादंबरीने पकडली असेल असं मला वाटत नाही, आणि गंमत म्हणजे तिच्यात लढाई जवळपास नाहीच. युरोपहून निघालेल्या बोटीवर नाझी जर्मनीने हाकललेले ज्यू निर्वासित आहेत, त्यांना कुठेतरी पूर्वेकडे ठाव शोधायचाय. बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण मायदेशी परततोय. जुन्या प्रेमभंगाने कडवट झालेला, भावनेत गुंतायचं नाही असं ठरवलेला. हॅर्टा या ज्यू मुलीशी त्याचं जुळतं. मुंबई येते, चक्रधर उतरतो. ती पुढे जाते आणि वाटेत जीव देते.

इथे हालअपेष्टा कोणाच्या आणि शहाणपण कोणाला? घर, देश, माणूस सगळं गमावलं हॅर्टाने. आपण किती कोरडे होतो हे कळलं चक्रधरला, तेही ती गेल्यावर. बेडेकर हे झाकत नाहीत. चक्रधरला कळलेल्या गोष्टीवर हॅर्टाच्या मरणाची किंमत चिकटलेली आहे आणि ती काही केल्या निघत नाही, यातच त्या छोटेखानी कादंबरीची ताकद आहे. कारातायेवबद्दलची माझी तक्रार हीच. तोलस्तोयने किंमत दाखवली, पण पिएरने ती कधी नीट वाचली नाही.

तुमच्या छावणीत शिपाई दगडू मरतो आणि त्याच्या मरणातून यशवंत शिकतो. दगडूला काय कळलं? त्याला यशवंतसाहेबाविषयी काय वाटायचं? अधिकारी आणि शिपाई एकाच कैदेत असले तरी त्यांची कैद एकसारखी नसते. दगडूला दोन प्रकरणं त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी द्या, नाहीतर त्याला मारू नका. हे मी जवळजवळ प्रत्येक युद्धकादंबरीच्या लेखकाला सांगतो आणि जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो की त्याने लांबी वाढेल. वाढू दे.

आणखी एक, बारीक वाटेल पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. यशवंत कैदेत ‘मी कोण आहे?’ असा प्रश्न स्वतःला विचारतो, तोही चार वेळा. हाल सोसणारा माणूस हा प्रश्न असा विचारत नाही. त्याच्यापुढे प्रश्न येतो तो ताटातला, अंथरुणातला, रांगेतला. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत या गावात सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. तिच्यात मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. हिंदी सैनिकांतल्या पुष्कळांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. धर्माचार्यांकडून परवानगी मागवण्यात आली, तरीही अनेकांनी हात लावला नाही, आणि तोवर अंगातलं त्राण गेलेलं होतं. आता असा एक सैनिक डोळ्यांपुढे आणा. सातारा जिल्ह्यातला असेल, रत्नागिरीकडचा असेल. ताटात घोड्याचं मांस आहे. खाल्लं तर गावी परतल्यावर आपल्याला पंगतीत बसवतील का? नाही खाल्लं तर परतणं होईल का? शेजारच्याने खाल्लं, त्याच्याकडे आपण कसं पाहतो? चार दिवसांनी आपणही खाल्लं, तर आधी त्याच्याकडे जसं पाहिलं त्याचं काय करायचं? ‘मी कोण’ हा प्रश्न इथे एकदाही न उच्चारता चारही बाजूंनी विचारला गेलाय. पिएरच्या बटाट्याचं तेच. यशवंतासाठी असं एक ताट शोधा. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात त्याने अंधारात दुसऱ्याची घोंगडी ओढून घेतल्याचं एक वाक्य आहे. तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात. मी तुमच्या जागी असतो तर तिथे वीस पानं थांबलो असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. हो, लिहावं. तोलस्तोय १८५४-५५ मध्ये सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्यात होता आणि तिथल्या कथांत त्याने दाखवून दिलं की तोफगोळा पडणं आणि फुटणं यांमधल्या क्षणभरात माणसाला आपण कोणाचे बारा रूबल देणं लागतो ते आठवतं. हे बहुधा तिथे असलेल्यालाच सुचतं. पण अमेरिकेतला स्टीफन क्रेन जन्मला १८७१ मध्ये, तिथलं यादवी युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी. युद्ध न पाहता त्याने १८९५ मध्ये ‘शौर्याची लाल खूण’ छापली. तिच्यातला हेन्री पहिल्याच लढाईत पळतो. पळणाऱ्या आपल्याच बाजूच्या सैनिकाने डोक्यात बंदुकीचा दस्ता घातल्यामुळे त्याला जखम होते, आणि सगळे ती लढाईतली जखम समजून त्याची वाखाणणी करतात. पुढे तो खरोखर शौर्याने लढतो आणि आपण आता पुरुष झालो असं त्याला वाटतं. पण मधेच शेतात सोडून दिलेला एक फाटका, जखमी सैनिक त्याच्या मनातून जात नाही. हेन्रीला स्वतःची ओळख झाली की नवी फसवणूक सुरू झाली, यावर वाचक अजून भांडतात. क्रेनने युद्ध पाहिलं नव्हतं. माणूस स्वतःशी कसा खोटं बोलतो ते मात्र नीट पाहिलं होतं.

तुमच्या पिढीतल्या लेखकाला क्रेनपेक्षा सोय जास्त आहे. १९७१ ला गेलेली माणसं अजून गावोगाव आहेत, सत्तरी-ऐंशीतली. त्यांच्याकडे जा, पण कैदेने तुम्हाला काय शिकवलं हा प्रश्न घेऊन जाऊ नका. निकोलायसारखंच होईल, ते तुम्हाला हवं तेच सांगतील, आणि प्रेमाने सांगतील. त्यापेक्षा विचारा, चहा मिळायचा का? गोड की बिनसाखरेचा? झोपताना डोक्याखाली काय घ्यायचात? पत्र पहिलं कधी आलं आणि ते कोणी वाचून दाखवलं? कोणाशी बोलणं टाकलं होतंत, आणि परत बोलायला कोणी सुरुवात केली? घरी आल्यावर पहिल्या महिन्यात कशावरून भांडण झालं? या शेवटच्या प्रश्नाला घरातल्या बाईंकडून उत्तर घ्या, त्यांना जास्त आठवतं. एवढं जमलं की सत्काराचं प्रकरण बाजूला ठेवून घोंगडीचं प्रकरण नव्याने लिहा आणि आधी फक्त तेवढंच मला पाठवा.